मालक तुम्ही, वाजवणारी मी

तात्या,

दवाखान्यातल्या त्या केरळी नर्सनं मला जिन्यात गाठलं आणि तिच्या मोडक्या मराठीत विचारलं, "आजोबा गिटार वाजवते का?"

मला हसूच आलं. तुमच्या नाकात नळी, हाताला सलाईन, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलेली, आणि तुम्ही तिला सांगत होतात की आमच्या घरी बारा तारांची गिटार आहे, माल एक नंबर आहे, आणि अख्ख्या मुळशी तालुक्यात तशी दुसरी सापडायची नाही.

"ते वाजवत नाहीत," मी तिला म्हणाले. "गिटार त्यांची आहे. वाजवते मी."

बोलून गेले आणि तिथंच पायरीवर थांबले. सहा वर्षं आपण दोघं ज्या एका मुद्द्यावर भांडलो, तो मी एका अनोळखी बाईसमोर उभ्या उभ्या सोडून दिला होता. वर येऊन तुम्हाला सांगायचं ठरवलं, पण तुमचा डोळा लागला होता. उठवावंसं वाटलं नाही. उद्या सांगू म्हटलं. आणि तो उद्या आलाच नाही.

म्हणून आता सांगते. गिटार तुमची होती. हे ऐकून तुम्ही काय केलं असतं तेही मला ठाऊक आहे. चष्मा काढून बनियनला पुसला असता, परत घातला असता आणि म्हणाला असतात, "मंग? मी काय येगळं सांगत व्हतो?"

घरात सध्या माणसांची ये-जा चालू आहे. जो येतो तो तुमच्याबद्दल बोलतो. कारखान्यातली नोकरी, आपल्या उरवड्यातल्या रस्त्यासाठी तुम्ही घातलेला वाद, तुमचा राग. मी चहा देते आणि ऐकते. पण त्यांचं बोलणं संपलं की मला वाटतं, अजून मूळ गोष्ट निघालीच नाही. आपलं बोलणं तर बहुतेक गिटारीबद्दलच व्हायचं. तिच्या आधी आपल्यात बोलणं होतंच कुठे?

मी अकोल्याची. हिंजवडीच्या ऑफिसात तुमच्या महेशची ओळख झाली, लग्न झालं, आणि मी तुमच्या घरी आले. पहिलं वर्षभर तुम्ही मला रोज दोनच वाक्यं बोलायचात. संध्याकाळी, "जेवलीस का?" सकाळी, "गाडी नीट चालव." दोन्हीला मी "हो" म्हणायची. मला वाटायचं, तुम्हाला मी पसंत नाही. आई मात्र म्हणायच्या, "तसं काय न्हाई गं. त्यांला सवय न्हाई बोलायची. पस्तीस वरीस वस्तू तपासल्यात त्यांनी, मानसं न्हाई."

आणि ते खरंच होतं. कारखान्यातून तुम्ही निवृत्त झालात, पण तुमच्यातला इन्स्पेक्टर झाला नाही. दुधाच्या किटलीचं झाकण नीट बसतं का, दाराची बिजागरी किती झिजली, भाड्याच्या खोल्यांच्या कड्या सरळ आहेत का, दिवसभर तुमचं तेच. एकदा आईंची भाकरी तुम्ही डोळ्यासमोर आडवी धरून बघितलीत, कडेला जाड आहे का म्हणून. आईंनी ती तुमच्या हातातून काढून घेतली आणि म्हशीला घातली.

मग ऑफिसच्या नोटीस बोर्डावर तो कागद लागला. आमच्याच मजल्यावरचा अनिर्बान, कोलकात्याचा, अमेरिकेला निघाला होता आणि त्याची बारा तारांची गिटार विकत होता. मी कॉलेजच्या होस्टेलवर साधी सहा तारांची वाजवायची. लग्न होताना ती धाकट्या भावाला देऊन आले होते. बारा तारांची मात्र कधी हातात धरली नव्हती. महेश त्या आठवड्यात चेन्नईला गेलेला. जेवताना मी सहज आईंना सांगितलं, आणि पलीकडून तुमचा आवाज आला.

"बारा तारा कशापायी? सा तारांत भागत न्हाई?"

मी समजावून सांगितलं. तारा बारा असल्या तरी जोड्या सहा. बोट एकाच वेळी जोडीवर पडतं. खर्जाच्या चार जोड्यांत एक जाड आणि एक बारीक. बारीक तार तोच सूर बोलते, पण वरच्या सप्तकातला. उरलेल्या दोन जोड्या अगदी जुळ्या.

तुमचा घास हातातच राहिला होता. "म्हंजी नवराबायकोवानी हाय," तुम्ही म्हणालात. "बोलायचं येकच, पन येक खाली बोलनार, येक वर."

"वर कोन बोलतंय ते सांगा की," आई म्हणाल्या.

त्या दिवशी पहिल्यांदा आपण तिघं एकत्र हसलो. आणि हात धुताना तुम्ही म्हणालात, "मी येतो संगं. वस्तू घ्यायची तर बगनारा पायजे."

रविवारी तुमच्या स्कूटरवरून आपण गेलो. मांडीवर तुमची खाकी पिशवी मी धरली होती. आत काय आहे ते अनिर्बानच्या हॉलमध्ये कळलं. बॅटरी, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला दांडीचा छोटा आरसा, स्टीलची पट्टी, आणि फटी मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा. तुम्ही त्याच्याकडून चादर मागून घेतलीत, खाली अंथरलीत, आणि गिटार तिच्यावर अशी ठेवलीत की बिचाऱ्या अनिर्बानला वाटलं असावं, आता हिचं ऑपरेशन होणार.

तुम्ही आरसा भोकातून आत घातलात आणि बॅटरी मारलीत. वरची फळी अखंड लाकडाची आहे, प्लायवूड नाही, हे तुम्ही भोकाच्या कडेवरून ओळखलंत. बाहेर दिसणाऱ्या लाकडाच्या रेषा कडेवरून तशाच आत गेलेल्या होत्या. तार दोन्ही टोकांना दाबून मध्ये किती फट राहते ते बघून मान सरळ असल्याचं सांगितलंत. मागची शिसवीची पाठ बोटानं ठोकत ठोकत फिरलात. बाराच्या बारा खुंट्या फिरवून पाहिल्यात. मी मधेच म्हणाले, "तात्या, जरा वाजवून बघू द्या ना."

तुम्ही बाजूला झालात आणि मी वाजवली.

तो आवाज तुम्हाला कसा वाटला हे मी नंतर कितीदा विचारलं, तुम्ही कधी धड सांगितलं नाहीत. मला कसा वाटला ते मीही सांगितलं नाही. सणाच्या दिवशी घरातली सगळी माणसं एकदम बोलायला लागतात, कोणाचं कोणाला नीट ऐकू येत नाही, पण भांडण नसतं, सगळे खुशीत असतात. मला तसं वाटलं. अकोल्याचं आमचं घर दिवाळीला तसं व्हायचं. मी हिंजवडीतल्या त्या चौथ्या मजल्यावर बसले होते आणि मला माझ्या घरचा गलका ऐकू येत होता. डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी खाली मान घालून वाजवत राहिले.

मान वर केली तर तुम्ही पाकिटातून एक कागद काढून, गिटारीवर वाकून, ब्रिजच्या मागून आत सरकवत होतात. ब्रिज म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी. कागद सहज आत गेला.

"न्हाई घ्यायची," तुम्ही म्हणालात.

"अंकल, क्या हुआ?"

"ये देखो. कागद जाता है. पट्टी उचल्या है. और ये फळी को पोट आया है."

अनिर्बाननं माझ्याकडे पाहिलं. मी गिटार त्याच्या हातात दिली. येताना मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. वाटेत नांद्यात तुम्ही स्कूटर थांबवून वडापाव घेतलात, मी नको म्हणाले. तुम्ही दोन्ही खाल्लेत. त्याचा मला जास्त राग आला.

तीन-चार दिवसांनी मी ऑफिसातून येऊन गाडी लावत होते, तेव्हा तुम्ही ओट्यावरून विचारलंत, "वाजत कशी व्हती?"

"तुम्ही होतात की तिथे," मी म्हणाले. "ऐकलंत ना."

"मी कुटं आयकलं?" तुम्ही म्हणालात. "मी बगत व्हतो."

तात्या, कोणी स्वतःबद्दल इतकं खरं बोललेलं मी फार कमी वेळा ऐकलंय. पण तेव्हा मी रागातच होते. आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर दिवाणावर गिटार. शेजारी तुम्ही, पाय वर घेऊन, पेपर वाचत असल्यासारखे.

"ही कोणाची?"

"माजी."

"तुम्ही घेतलीत? पट्टी उचललीय म्हणालात ना?"

"उचललीया. पट्टी बसवता येती. आवाज कुटनं आनून बसवनार?" पेपरचं पान उलटून तुम्ही पुढे म्हणालात, "तू वाजव. मालक मी, वाजवनारी तू." जी वाजवते तिचीच गिटार, मी म्हणाले, आणि आपलं पहिलं भांडण तिथं सुरू झालं.

रात्रीच्या फोनवर अनिर्बाननं मला बाकीचं सांगितलं. तो घरी सामान बांधत होता, तेव्हा तुम्ही एकटेच गेलात. पिशवी नेली नव्हती. खुर्चीत बसलात, डोळे मिटलेत आणि त्याला म्हणालात, बजाव. त्याला तीनच गाणी धड येत होती. ती संपल्यावर तुम्ही म्हणालात, फिरसे. मग परत फिरसे. शेवटी तो दमला तेव्हा तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "बांध के दो."

पुढचे दोन महिने ती गिटार माझ्या वाट्याला फार आलीच नाही. पुण्याच्या पेठेत सतार-तंबोरे दुरुस्त करणारा कारागीर तुम्ही शोधून काढलात. त्यानं ब्रिज काढून नव्यानं बसवायचं कबूल केलं, पण भोकातून आत हात घालून दाबून धरायला लागणारे लांब गळ्याचे शिकंजे त्याच्याकडे नव्हते. मग तुम्ही जुन्या कारखान्यात गेलात, ओळखीच्या माणसांकडून तसले शिकंजे बनवून घेतलेत, आणि एसटीनं ते घेऊन परत पेठेत. आई म्हणाल्या, "मशीच्या बाळतपणात येवढा जीव न्हाई लावला."

त्या कारागिरानं तुम्हाला एक गोष्ट ऐकवली आणि ती तुम्हाला आठवडाभर लागून राहिली. तुम्ही त्याला फळीला आलेलं पोट दाखवलं होतं, तेही काढून द्या म्हणून. तो म्हणाला, "साहेब, बारा तारांची ओढ आहे. एवढं पोट असायलाच हवं. अगदी सपाट असती तर आवाज कोंडला असता." तुम्ही घरी येऊन मला विचारलंत, खरं आहे का? मी म्हणाले, असेल. तुम्ही बराच वेळ गिटारीकडे बघत बसलात. ज्याला तुम्ही दोष म्हणून बाजूला काढलं असतं, तो दोष नव्हता. मग आईंच्या भाकरीकडे बघून म्हणालात, "कडंला जाड हाय, पन चव हाय." आईंना संदर्भ माहीत नव्हता. त्या आधी घाबरल्या, मग लाजल्या.

सूर लावायचं तुम्ही माझ्याकडून काढून घेतलंत तो दिवसही आठवतो. बारा तारा लावायच्या म्हणजे वेळ जातो, आणि ऑफिसातून दमून आल्यावर मला ते नको व्हायचं. माझ्याकडे काट्याचा छोटा ट्यूनर होता. तार वाजवली की काटा हलतो, सुरात आली की मधोमध थांबतो. तुम्ही ते यंत्र हातात घेतलंत आणि तुमचा चेहरा असा उजळला, जसा मी महेशच्या बढतीच्या वेळीही पाहिला नव्हता. "ह्ये तर कारखान्यातलं मापाचं गेज हाय," तुम्ही म्हणालात. त्यानंतर मी घरी आले की गिटार लावून तयार असायची. पुढे पुढे तुम्ही काटा न बघताही लावायला लागलात. मी आत भाजी चिरत असताना तुम्ही बाहेरून ओरडून सांगायचात, "पाचव्या जोडीतली बारीक रडतीया बग." मी म्हणायची, मला नाही ऐकू येत. तुम्ही म्हणायचात, "तुज्या कानात हापिस हाय आजून."

आणि तिथूनच आपलं दुसरं भांडण. तुम्ही तारा नेहमी एक सूर खाली लावायचात. कारागिरानं सांगितलं होतं, ओढ कमी राहिली तर ब्रिज टिकेल. माझं म्हणणं, तारा पूर्ण चढवल्याशिवाय तिचा खरा झगझगाट येत नाही. खाली लावली की ती कुरकुरीत राहत नाही, मऊ पडते. तुम्ही म्हणायचात, "वस्तू चालवायची का जाळायची?" मी म्हणायची, "वस्तू नाही, वाद्य आहे." तुम्ही म्हणायचात, "मालकाला इचार." मालक तुम्हीच. हा वाद आपण इतक्या वेळा घातला की महेश टीव्हीचा आवाज वाढवायचा. खरं सांगू? मऊ आवाजही मला आवडायला लागला होता. पण ते कबूल केलं असतं तर संध्याकाळी करायचं काय?

गणपतीतली गंमत तर गावात अजून सांगतात. भजनी मंडळातले किसनअण्णा पेटी वाजवतात. ते एकदा तुमची गिटार बघायला आले आणि म्हणाले, "तात्या, आरतीनंतर भजनात सुनंला बसवू." आईंनी माझ्याकडे बघितलं. घरची सून चौकात, मंडपात, पुरुषांच्या मधे बसून वाजवणार, हे आधी कोणी केलेलं नव्हतं. मीही नको म्हणाले. मला भजनाचा ठेका येत नव्हता, आणि खरं तर भीती वाटत होती.

तुम्ही म्हणालात, "तिला बसवत न्हाई कुनी. माजी गिटार बसनार हाय मंडपात. आता ती येकटी कशी वाजंल?"

त्यावर आईंना हसू आवरलं नाही आणि विषय संपला. पण किसनअण्णांची पट्टी काळी एक, आणि आपली गिटार तुमच्या हट्टानं खाली लावलेली. मी म्हणाले, आता तरी चढवू. तुम्ही नाही म्हणालात. दुपारभर किसनअण्णांची पेटी समोर ठेवून, कॅपो गिटारीच्या एकेका पट्टीवर लावून बघत बसलात. कॅपो म्हणजे मानेवर लावायचा चिमटा, तो लावला की सगळ्या तारा एकदम वर चढतात. संध्याकाळी मला म्हणालात, "तिसऱ्या पट्टीवर लाव चिमटा. काळी एक मिळतीया." आणि मिळाली. तुम्हाला एकही गाणं वाजवता येत नव्हतं, सा रे ग म येत नव्हतं, आणि तुम्ही ते शोधून काढलंत.

मंडपात पहिल्या गौळणीला माझा ठेका दोनदा चुकला. दुसऱ्या कडव्यापासून पखवाजवाल्या दादांनी माझ्याकडे बघून मान हलवायला सुरुवात केली, ठेका कुठे पडतो ते दाखवायला, आणि मग मला सापडलं. बायका मागून उठून पुढे येऊन बसल्या. आईही आल्या, आणि सगळ्यांत पुढे बसल्या. तुम्ही कुठे होतात? मी शोधत होते. तुम्ही स्पीकरच्या मागे, कान लावून उभे होतात. भजन संपल्यावर लोक माझं कौतुक करत होते आणि तुम्ही गर्दीतून येऊन कानात सांगितलंत, "धा वाजल्यापासनं तिसरी जोडी उतरली व्हती. कुनाला कळलं न्हाई." तात्या, मला तेव्हा तुमचा इतका राग आला आणि इतकं प्रेम वाटलं, की दोन्ही एकदम कसं वाटू शकतं ते मला आजही सांगता येणार नाही.

मग जर्मनीचं काम आलं. मी आणि महेश, दोघंही जाणार. वर्ष-सव्वा वर्ष. गिटार न्यायची म्हणून मी कडक पेटी बघून ठेवली होती. तुम्ही म्हणालात, "ती हितंच ऱ्हाईल. माल कुटं न्यायचा ते मालक ठरवतो." मी चिडले. महेशला म्हणाले, तुझे बाबा अति करतात. महेश म्हणाला, "अगं, परत यायला काहीतरी कारण ठेवतायत." मला ते तेव्हा पटलं नाही. विमानात बसल्यावर पटलं.

फोनवर तुम्ही आधीपासूनच कच्चे. "जेवलीस का? थंडी हाय का?" की संपलं. पण तिसऱ्या-चौथ्या रविवारी तुम्ही म्हणालात, "थांब, ठिवू नगं." रिसीव्हर स्टुलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि मग एकेक जोडी वाजायला लागली.

"कंची उतरली हाय?"

मी खिडकीपाशी उभी होते, बाहेर बर्फ पडत होतं. "चौथी," मी म्हणाले.

"चौथीतली कंची?"

"बारीक."

खुंटी फिरल्याची करकर. "आता?"

"अजून थोडी."

"मलाबी तसंच वाटत व्हतं."

त्यानंतर दर रविवारी आपलं तेच. अर्धा अर्धा तास. मागून म्हशीचं हंबरणं, आईंच्या उलथन्याचा आवाज, भाडेकरूंच्या बादल्या, आणि पुढे तुमच्या तारा. महेश म्हणायचा, लोक फोनवर बोलतात, तुम्ही दोघं काय करता? खूप नंतर माझ्या लक्षात आलं की तुम्ही सूर आधी नीट लावून घेत असणार, आणि मग माझ्यासाठी मुद्दाम एक तार उतरवून ठेवत असणार. तसं नसतं, तर दर वेळी नेमकी एकच कशी उतरली असती? विचारायचं राहून गेलं.

तिथं एका दुकानात मी एक बारा तारांची गिटार पाहिली. इतकी देखणी, की हात लावायची भीती वाटावी. दुकानदारानं काढून दिली. मी आधी भोकाची कड बघितली. मग तार दाबून मान. मग पर्समधून बसचं तिकीट काढून ब्रिजच्या मागून सरकवून पाहिलं. दुकानदारानं विचारलं, काय करताय? मी म्हणाले, माझ्या सासऱ्यांना सांगायचंय. मग वाजवली. रविवारी तुम्हाला सगळं सांगितलं.

"कागद गेला?"

"नाही."

"पोट?"

"हवं तेवढंच."

"आवाज?"

मी खोटं बोलू शकले असते. "आपल्यापेक्षा चांगला आहे, तात्या."

तुम्ही एक खुंटी फिरवल्याची करकर ऐकू आली. मग म्हणालात, "मंग घे की. चांगली वस्तू सोडू नई."

मी घेतली नाही. तुम्हाला सांगितलं की आणायचं अवघड आहे, विमानात मोडेल. ते कारण नव्हतं. घेतली असती तर रोज सूर मलाच लावावे लागले असते. आणि वाजवून झाल्यावर खोलीत शांतता. वा म्हणणारी माणसं तिथंही होती, ऑफिसातले सगळे वा म्हणायचे. कुरकुर करणारं कोणी नव्हतं. आम्हाला पुढे आणखी दोन वर्षं थांबाल का, असं विचारलं गेलं, तेव्हा महेश तयार होता. मी नको म्हणाले. आईंनी गावात सांगितलं, सुनेला थंडी मानवली नाही. तुम्ही काहीच विचारलं नाहीत. मी घरात पाऊल टाकलं, चपला काढल्या, आणि तुम्ही गिटार पुढे केलीत. लावलेली होती. एक सूर खाली.

परवा तुमच्या नावानं मंडळ भजनाला बसलं. किसनअण्णांनी पेटी उघडली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मला जमलं नसतं, तात्या. त्या दिवशी नाही.

आज दुपारी मात्र गिटार काढली. तुमच्या आजारपणात कोणी हात लावला नव्हता, सगळ्या तारा उतरल्या होत्या. लावायला बसले. आणि मनात आलं, आता अडवणारं कोणी नाही, तर चढवूया पूर्ण. एकेक जोडी वर नेली. तिसऱ्या जोडीतली बारीक तार चढवताना फट्‌कन आवाज झाला आणि ती तुटून माझ्या मनगटावर आली. तुमचंच म्हणणं खरं ठरलं. वाद आपोआप मिटला होता, आणि मला तो मिटायला नको होता. तुम्ही गेल्यापासून मी नीट रडले नव्हते. तेव्हा रडले.

आई हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी तार बघितली, मला बघितलं, आणि शेजारी येऊन बसल्या. माझं मनगट पदरानं पुसलं. मग म्हणाल्या, "आन हिकडं."

त्यांनी कधी तिला हात लावलेला नव्हता. ते धूड, असंच म्हणायच्या. मी गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी पदर खोचला, मान कुठल्या हातात ते विचारलं, आणि उरलेल्या अकरा तारांवरून अंगठा फिरवला, जात्याच्या कडेवरून फिरवावा तसा. आवाज घरभर झाला. त्या दचकल्या. मग म्हणाल्या, "लई जड हाय की गं ही. ह्ये मांडीव घिऊन ते दोन दोन तास बसायचे?"

"बसायचे."

"आन मला सांगायचे, गुडगं दुकत्यात, पानी आनून दे."

मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि आम्हाला दोघींनाही हसू फुटलं. इतकं, की भाडेकरूंतली बाई दारात येऊन उभी राहिली. या घरात हसायचं का रडायचं, तिला कळेना. आईंनी तिला हातानंच आत ये म्हटलं, डोळे पुसले, आणि परत तारांवर अंगठा ठेवला.